मुदतीचा पास

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात रेल्वेचे जुने पास आहेत. काही हाताने लिहिलेले, बरेचसे संगणकावर छापलेले आणि शाई उडून जवळजवळ कोरे झालेले. इतिहासाच्या मास्तराने कागद फेकायचा नसतो असे मी घरात सांगतो आणि घरातले त्याला पसारा म्हणतात. दोघांचेही खरे आहे. पासावर मजकूर फार नसतो. कुठून कुठपर्यंत, कोणता वर्ग, किती रुपये आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एवढेच. पण अलीकडे विद्यापीठांतल्या मोकळेपणाविषयी बोलायची वेळ आली की मला या कागदांतली ती शेवटची ओळ आठवते. पासधारकाला गाडी आपली वाटते. त्याचा डबा ठरलेला असतो, मंडळी ठरलेली असतात, चौथ्या सीटसाठी हक्काने भांडण करायची त्याची तयारी असते आणि तरीही मुदत संपली की त्याला खिडकीपुढे रांगेत उभे राहून "जुना दाखवा" हे शब्द ऐकावेच लागतात.

यांतले सर्वांत जुने पास पुणे-मुंबईचे आहेत. संशोधनाच्या काळात काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असलेल्या पुराभिलेखागारात बसण्यासाठी मी काही वर्षे डेक्कन क्वीनने येजा करत असे. १ जून १९३० रोजी सुरू झालेली ही गाडी शर्यतीच्या हौशी लोकांसाठी म्हणून आली आणि पुढे कारकून, वकील, अधिकारी, प्राध्यापक यांची झाली. त्या डब्यांत गप्पा, पत्ते आणि ऑम्लेटचा वास यांच्या आडोशाला मी दप्तरांच्या नोंदी वाचत असे. तेव्हा माझ्या मार्गदर्शकांनी एकदा सहज सांगितले, "अहो, याच गाडीत कोसंबी बसत."

दामोदर धर्मानंद कोसंबी. १९०७ साली गोव्यात जन्म, हार्वर्डमध्ये शिक्षण, फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताची प्राध्यापकी आणि तिथून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. घर मात्र पुण्यातच राहिले, भांडारकर संस्थेच्या परिसरात. त्यामुळे सकाळी डेक्कन क्वीन, दिवसभर गणित आणि संध्याकाळी पुन्हा घाट चढून घरी, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. रोज बोरघाटातून जाणाऱ्या या गणितज्ञाने भारताच्या प्राचीन इतिहासाकडे पाहण्याची रीतच बदलून टाकली. त्यांचा इतिहास कितीतरी अंशी वाटांचा इतिहास आहे. कार्ल्याची लेणी डोंगरात एकांतासाठी कोरली, ही समजूत त्यांनी मान्य केली नाही. कोकणातल्या बंदरांकडून घाटमाथ्यावर जाणाऱ्या व्यापारी वाटेवर ती बसवलेली आहेत, हे त्यांनी दाखवले. चैत्यगृहातल्या शिलालेखांत वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी भेटतो, धेनुकाकटाचे यवन, म्हणजे ग्रीक, भेटतात; दान देणारे हे लोक त्या वाटेने येणारे-जाणारे होते. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पायी फिरून त्यांनी दगडी सूक्ष्मास्त्रे, म्हणजे अश्मयुगातली चिमुकली हत्यारे, गोळा केली, ती जिथे सापडतात आणि जिथे देवींची आडबाजूची ठाणी आहेत त्यांचा मेळ घातला आणि पंढरीला जाणाऱ्या पालख्यांच्या वाटांखाली गुराख्यांच्या फार जुन्या हंगामी वाटा दडलेल्या आहेत असे सुचवले. खिडकीबाहेर मळवलीचे स्टेशन मागे पडत असताना मला नेहमी वाटे की हा इतिहास खोलीत बसून सुचण्यातला नाही.

या प्रवाशाच्या नोकरीचे नूतनीकरण १९६२ साली झाले नाही. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत होते, मार्क्सवादी होते आणि अणुऊर्जेऐवजी या देशाने सूर्याच्या उष्णतेवर पैसा लावावा असे उघड सांगत होते. त्यांच्या संस्थेचे संचालक होमी भाभा होते आणि देशाच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षही भाभाच. आजच्या वाचकाला एवढ्यावर निकाल देण्याचा मोह होईल. पण त्याच सुमारास रीमानच्या गृहीतकाची, म्हणजे गणितातल्या एका प्रसिद्ध न सुटलेल्या प्रश्नाची, सिद्धता सापडल्याचा एक दावा कोसंबींनी कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला होता, तो गणितज्ञांना मान्य झाला नव्हता आणि त्यामुळे त्यांची प्रतिष्ठा उतरली होती. स्वभावाने ते कोणालाच सोपे नव्हते. मग खरे कारण कोणते? इथे इतिहासकाराची पंचाईत होते. बडतर्फी केली तर आरोपपत्र लागते, चौकशी लागते, टिपण लागते. मुदत संपू दिली तर एक पत्र पुरते. तुकाराममहाराजांच्या वह्या कोणी बुडवल्या हे आपण साडेतीनशे वर्षांनीही सांगतो, पण ज्या वहीला कागदच मिळाला नाही तिची कथा कोण सांगणार? पुढे कोसंबी पुण्यातच काम करत राहिले आणि २९ जून १९६६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले.

पुराभिलेखागारात मी ज्या कामासाठी जात असे, ते मुंबईच्या ट्रामचे होते. ९ मे १८७४ रोजी कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. भाडे तीन आणे होते आणि पहिल्या दिवसांत तिकीटच दिले जात नसे. गर्दी वाढली, भाडे दोन आण्यांवर आले आणि फुकटे फार झाले तेव्हा त्याच वर्षी तिकिटे आली. माझ्यासारख्याला यात रस वाटतो तो असा, की तिकीट आले नसते तर या शहराचा प्रवासी कागदावर आलाच नसता. त्या ट्रामच्या बाकावर कोण कोणाच्या शेजारी बसेल हे कंपनी ठरवत नव्हती, पंचांग ठरवत नव्हते आणि वाड्याचा मालकही ठरवत नव्हता. दोन आणे देईल तो बसेल.

अर्थात रूळ जिथे संपत तिथे ही मोकळीकही संपे. १९०१ साली भीमराव आंबेडकर हा लहान मुलगा भावंडांबरोबर साताऱ्याहून आगगाडीने वडिलांकडे निघाला होता. गाडीत त्यांना कोणी अडवले नाही. मसूर स्टेशनात उतरल्यावर, चांगल्या कपड्यांतली ही मुले कोण म्हणून स्टेशनमास्तरने जात विचारली आणि उत्तर ऐकताच तो पाच पावले मागे सरल्यासारखा झाला. एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण कबूल झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार, या अटीवर. सार्वजनिक वाहतुकीवर मी वर्गात बोलतो तेव्हा हा प्रसंग सांगतोच, कारण तिकीट छापणारी व्यवस्था आणि गाडीवानाची मर्जी यांतला फरक यापेक्षा स्वच्छ मला दाखवता येत नाही.

पुढची कथा मुंबईकरांना थोडीफार ठाऊक असते. ७ मे १९०७ रोजी विजेवरची ट्राम आली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली आणि बरीच वर्षे ती पांढरपेशांची मानली गेली, कारण ससून डॉकपासून दादरपर्यंत ट्राम दीड आण्यात नेई आणि बसला चार आणे पडत. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, महापालिकेने कंपनी ताब्यात घेतली. तेव्हा २३ मार्गांवर २४२ बस होत्या आणि रोज सुमारे २ लाख ३८ हजार माणसे त्यांतून जात. बस, ट्राम आणि वीज पुरवणारी ही बेस्ट तेव्हापासून शहराची झाली. तिचा कारभार बेस्ट समितीत चर्चेला येई, भाडे वाढवायचे तर नगरसेवकांना आपापल्या वॉर्डात तोंड दाखवावे लागे. वाहतुकीतला तोटा विजेच्या विभागातल्या पैशातून भरला जाई. दिवे लावणारा बसमध्ये बसणाऱ्याला हातभार लावत होता आणि पुष्कळदा तो एकच माणूस होता.

३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निरोप द्यायला गर्दी लोटली होती. ट्राम मोटारींच्या आड येते, असे तेव्हा शहाणी माणसे सांगत होती. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धारासाठी खोदकाम झाले तेव्हा डांबराखालून ते रूळ वर आले. मी मुद्दाम बघायला गेलो. काळ्या दगडांच्या चौकोनी चिऱ्यांमध्ये घट्ट बसवलेली दोन गंजकी पाती, आणि त्यांच्यातली खाच अजून इतकी स्वच्छ की चाक आत्ताच गेले असावे. पाठीमागे हुतात्मा स्मारकाची मशाल होती. शेजारी उभा असलेला एक सुरक्षारक्षक मला म्हणाला, "साहेब, हे काढलं कशाला मग?" मी त्याला १९६४ मधली कारणे सांगितली. त्याने ऐकून घेतली, पण त्याला ती पटलेली दिसली नाहीत, आणि खरे सांगायचे तर मलाही पटत नाहीत.

ट्राम निदान गाजावाजा करून गेली. बस तशी जात नाही. एकेकाळी साडेचार हजारांच्या वर गेलेला बेस्टचा ताफा आज तीन हजारांच्या आत आहे आणि त्यातल्या बहुतेक गाड्या भाडेतत्त्वावरच्या, खासगी कंत्राटदारांच्या आहेत. गाडी त्यांची, चालक त्यांचा, बेस्ट किलोमीटरप्रमाणे पैसे देणार. ऑगस्ट २०२३ मध्ये या कंत्राटी चालकांनी पगारासाठी आठवडाभर काम बंद ठेवले, तेव्हा लाल गाडी चालवणारा माणूस बेस्टचा नाही हे पुष्कळ प्रवाशांना प्रथम कळले. बस बंद करण्याचा निर्णय कोणी जाहीर करत नाही. आयुष्य संपलेली गाडी मोडीत निघते, तिच्या जागी नवी येत नाही, दहा मिनिटांची फेरी पंचवीस मिनिटांची होते, कंटाळलेला माणूस शेअर रिक्षात बसतो, मग प्रवासी घटले म्हणून फेरी आणखी कमी होते. याच काळात सुमारे साडेदहा किलोमीटरचा, जवळपास १४ हजार कोटींचा किनारी रस्ता झाला आणि त्यावर दुचाकीलासुद्धा मज्जाव आहे. मेट्रोचे मी स्वागत करतो, तिने रोज जातो. पण स्टेशनातून बाहेर पडल्यावर घरापर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर बसनेच जायचा असतो, हे नकाशावर रंगीत रेघा ओढणाऱ्यांना सांगावे लागते.

मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांचे दहा झाले. भाडेवाढ योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो. २०१९ मध्ये ते कमी केले होते, खर्च वाढला आहे, हे सगळे खरे. मला खटकते ते वेगळे. मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक न होता प्रशासक कारभार पाहत होता. भाडे दुप्पट झाले त्या दिवशी या शहरात निवडून आलेला एकही नगरसेवक पदावर नव्हता आणि बेस्ट समितीही नव्हती. निवडणूक रद्द झाली होती का? नाही. प्रभागरचना, आरक्षण, न्यायालयातल्या तारखा अशी प्रत्येक वेळी काही ना काही सबब होती आणि प्रत्येक सबब एकेकटी पाहिली तर पटण्यासारखी होती. १८८८ च्या कायद्यावर उभी राहिलेली महापालिका एका ओळीचाही कायदा रद्द न करता गप्प करता आली.

विद्यापीठात मी हेच पाहिले. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर दहा प्रतिनिधी निवडून देतात. २०२३ मध्ये ही निवडणूक जाहीर होऊन स्थगित झाली, २०२४ मध्ये मतदान दोन दिवसांवर आले असताना पुन्हा थांबवली गेली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २४ सप्टेंबर २०२४ रोजी झाली. दहाच्या दहा जागा कोणी जिंकल्या हे वृत्तपत्रांत आले आहे. कोणत्याही पक्षाविषयी मला इथे बोलायचे नाही, कारण सत्तेत कोणीही असो, अधिसभा भरलीच नाही तर अंदाजपत्रकावर प्रश्न विचारायला कोणी उरत नाही. अधिसभा म्हणजे विद्यापीठाची बेस्ट समितीच. कंटाळवाणी, भांडखोर, चहा-बिस्किटांवर चालणारी आणि नसली की उणीव भासणारी.

शैक्षणिक स्वातंत्र्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ५ जानेवारी २००४ येतो, आणि तो यायलाच हवा. त्या दिवशी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला आणि ग्रंथ, हस्तलिखिते, कपाटे यांची नासधूस झाली. शिवाजी महाराजांवरच्या एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकाच्या ऋणनिर्देशात संस्थेचा उल्लेख होता, एवढे निमित्त. त्या आधीच्या महिन्यात एका ज्येष्ठ संस्कृत पंडितांच्या तोंडाला काळे फासून झाले होते. मी तेव्हा तिथे वाचायला जाणाऱ्यांपैकी होतो. फाटलेल्या पानांचे ढीग चादरींवर पसरून माणसे तुकडे जुळवत बसली होती, कोणी बोलत नव्हते, फक्त कागदाची सळसळ होत होती. पण या घटनेचाही क्रम नीट लावला तर एक गोष्ट दिसते. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले ते नोव्हेंबर २००३ मध्ये. हल्ला जानेवारीत झाला आणि सरकारने बंदी घातली ती त्यानंतर. बंदीला आव्हान देता आले, २००७ मध्ये उच्च न्यायालयाने ती उठवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. हल्ल्याची फिर्याद असते, बंदीची अधिसूचना असते, निकालपत्र असते. प्रकाशकाच्या कचेरीत झालेल्या माघारीविरुद्ध कोणत्या न्यायालयात जायचे?

आता तर तेवढेही करावे लागत नाही. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत आणि वर्ग चालतात ते तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर. सगळे त्यांना सीएचबीवाले म्हणतात. घेतलेल्या तासांचे पैसे, सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या कामाचे वेगळे आणि उशिरा. शैक्षणिक वर्ष संपले की नेमणूक संपते, जून-जुलैत पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच प्रमाणपत्रे झेरॉक्स करून फाइल. पीएच.डी. झालेली, नेट-सेट झालेली चाळिशीची माणसे अशी दोन-दोन महाविद्यालयांत तास घेत फिरतात. भाडेतत्त्वावरची बस आणि तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक यांच्या नावांतही साम्य आहे, आणि दोन्हींमागचा हिशेब एकच: गाडी रस्त्यावर दिसली पाहिजे, वर्गात कोणीतरी उभे असले पाहिजे, पण उद्याची जबाबदारी आपल्यावर नको. या प्राध्यापकाला गप्प करायला मोर्चा लागत नाही. मुलाखतीच्या समितीत बसलेल्या एखाद्याने "त्यांच्याबद्दल जरा तक्रारी आल्या होत्या" एवढे म्हटले की पुरते. त्यामुळे तक्रार यायच्या आधीच तो आपली जीभ आवरतो.

कायम नोकरीत असलेले आम्ही फार शूर होतो असे मात्र मला सांगता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाने माझे व्याख्यान ठेवले होते. विषय निरुपद्रवी होता, एकोणिसाव्या शतकातली मुंबईची वाहतूक. आधल्या रात्री फोन आला, "सर, वातावरण जरा बरं नाही, पुढच्या महिन्यात घेऊ या का?" विषयात ट्रामपलीकडे काही नव्हते, माझे एक वर्तमानपत्री पत्र कोणीतरी कोणालातरी दाखवले होते. मी "हरकत नाही" म्हणालो. मलाही ते सोयीचेच होते. तो पुढचा महिना अजून आलेला नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी इतिहास शिकवते, तासिका तत्त्वावर, आठवे वर्ष चालू आहे. आम्ही सकाळी एकाच लोकलने जातो. मध्यंतरी एकदा गर्दीत उभ्याउभ्याच ती तासाची टिपणे चाळत होती आणि एक पान तिने दुमडून मागे टाकले. शिवकालातल्या जातिसंबंधांवरचे ते पान मी ओळखले; दहा वर्षांपूर्वी ते मीच तिला शिकवले होते.

"हे गाळलंस?"

"तेवढा भाग मुलांना स्वतः वाचायला सांगते, सर. मागच्या बाकावरून मोबाइल चालू असतो. पाऊण तासातलं नेमकं अर्धं वाक्य कापून कुठे जाईल, काय सांगावं?"

मी काहीतरी बोलायला हवे होते. तेवढ्यात ठाणे आले, माणसे लोटली आणि आम्ही वेगवेगळ्या दारांकडे ढकललो गेलो.

गेल्या सोमवारी तिचा पास संपला होता. परतीच्या वेळी मी तिच्याबरोबर खिडकीपुढच्या रांगेत उभा राहिलो. बाजूच्या यंत्रावर काम लवकर झाले असते, पण त्यावर कागद चिकटवला होता. खिडकीतल्या बाईंनी जुना पास घेतला, उजेडात धरून वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले.

"तिमाही काढा ना. स्वस्त पडतो."

तिने पर्समधले पैसे मोजले, मग बोटांवर महिने मोजले. फेब्रुवारी चालू होता.

"नको ताई," ती म्हणाली. "महिन्याचाच द्या."